तीन बटणं आणि थेंबभर तेल

दिवाळी अंकाच्या संपादकांनी लग्नाच्या बँडवर लिहायला सांगितलं होतं. पुण्याच्या पेठांमधून बँडची दुकानं पाहत हिंडताना वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे पोचलो आणि तिथेच रमलो. वराती, गणवेश, सुपाऱ्यांचे हिशेब सगळं बाजूला राहिलं. ट्रम्पेटच्या तीन बटणांखाली जे चालतं, त्यानं मला धरून ठेवलं.

बटणं नसलेला ट्रम्पेट म्हणजे जवळजवळ बिगुलच. ओठ कितीही आवळा, त्यातून मोजकेच सूर निघतात. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्लूमेल या दोघा जर्मन वादकांनी १८१८मध्ये प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं आणि पितळी वाद्याला सगळे सूर मोकळे झाले. पुढच्या वीसेक वर्षांत पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने यांनी या व्हॉल्व्हच्या, म्हणजे बटणाखाली सरकणाऱ्या पिस्टनला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकानं आजही चालतं. आपल्याकडे हे वाद्य फौजी बँडबरोबर आलं. मेरठच्या जाली कोठी भागात त्याचा व्यापार आणि कारखानदारी वाढली. तिथली नादिर अली आणि कंपनी १८८५ची. गोव्याचे चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक मुंबईत आले आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात ट्रम्पेट घुमू लागला. १९५१च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात.

मिस्त्रींनी एक पिस्टन बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीपेक्षा थोडा जाड, त्यात आरपार तिरकी भोकं. बटण वर असलं की हवा सरळ पुढे जाते. दाबलं की भोकं दुसऱ्या नळीसमोर येतात, हवेला लांबचा फेरा पडतो आणि सूर उतरतो. पहिलं बटण दोन अर्धस्वर उतरवतं, दुसरं एक, तिसरं तीन. पिस्टन आणि त्याची नळी यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी असते. तेवढ्या फटीत तेल थांबतं. ते पिस्टनला सरकू देतं आणि हवेची वाटही बुजवतं. म्हणून तेल हा पिस्टनचा एक भागच समजायला हवा. पिस्टन झिजलेल्या जुन्या वाद्याला दाट तेल लागतं, घट्ट बसणाऱ्या नव्याला पातळ. महागडं तेल चांगलंच असणार, हा हिशेब इथे चालत नाही.

तेवढ्यात एक तरुण वादक आपला ट्रम्पेट घेऊन आला.

“मिस्त्री, नवं तेल टाकलंय, भारीतलं. तरी तिसरं बटण वर येईना.”

“जुनं पुसलं होतंस का रे बाबा?”

“नाही. त्याच्यावरच टाकलं.”

“मग आत चिखल झालाय.”

त्यांनी पिस्टन खेचला. अंगावर करडा-काळा चिकट थर होता. खनिज तेल लवकर उडून जातं आणि मागे कीट ठेवतं. सिंथेटिक तेल जास्त दिवस टिकतं. एकावर दुसरं ओतलं की जुनं कीट सुटून फटीत जमू शकतं. तेल बदलायचं तर आधी सगळं धुऊन काढायला हवं.

मिस्त्रींनी तीनही पिस्टन ओळीनं मांडले. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो, कारण एका नळीचा पिस्टन दुसऱ्या नळीत चालत नाही. स्प्रिंगा आणि नमद्याच्या चकत्या पाण्यापासून दूर ठेवल्या. कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण, लांब ब्रश. कढत पाणी नको, त्यानं पितळेवरचं लॅकर निघतं. मग मलमलीची चिंधी काठीला गुंडाळून नळी आतून पुसली. चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत ती बदलत राहिले. पिस्टनवर नव्या तेलाचे थेंब सोडले, तो आत घालून खाच बसेपर्यंत फिरवला. हलकासा ‘टक्’ आवाज आला आणि बटण उसळून वर आलं.

“सुराच्या नळ्यांना ग्रीस लावतोस ना? नळीतून तेल सोडू नकोस. ग्रीस वाहून पिस्टनवर येतं,” त्यांनी त्याला बजावलं. “आणि नळी ओढताना तिचं बटण दाबून धर.”

एवढं सगळं गावोगावच्या बँडमध्ये कोण करणार? बहुतेक वाद्यं मालकाची. हंगामात वादकाच्या हाती येतात आणि पावसाळ्यात पेटीत पडून राहतात. तेल सुकतं, थुंकीतले क्षार साचतात, पितळ कळकून हिरवं पडतं. तालुक्याच्या गावी पिस्टनचं तेल मिळत नाही, तेव्हा शिलाई मशीनचं तेल चालवतात, नाहीतर रॉकेल किंवा खोबरेल. रॉकेल लवकर उडून जातं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे माघातल्या पहाटेच्या वरातीत बटणं नेमकी अडतात. वाद्य चमकावं म्हणून चिंच नाहीतर भांड्यांची पावडर चोळतात. पावडरीचे बारीक कण आत गेले की पिस्टन आणि नळी दोन्ही खरवडतात. फट वाढली की हवा गळते, सूर फिका पडतो. मग पिस्टनवर निकेलचा नवा थर चढवून तो नळीत पुन्हा बसवावा लागतो. हे काम जाणणारे हात थोडेच आहेत. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्यापासून बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या, आणि मालक खर्च कापायला बसला की पहिली कात्री दुरुस्तीवर चालते.

या कात्रीची मला खरी काळजी वाटते. वादक सुरात कमी पडला असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या बोटांखालचं बटण अडकलेलं असतं.

बँडमालकांना माझी विनंती आहे. प्रत्येक ट्रम्पेटसाठी एकाच जातीचं तेल ठरवा, बाटलीवर वाद्याचा क्रमांक लिहा, हंगाम संपला की पिस्टन धुऊन, पुसून, तेल लावून मगच पेटी बंद करा. साबण, चिंधी आणि तेलाची बाटली यांचा खर्च नव्या पिस्टनच्या मानानं काहीच नाही.