रात्रीचं पाणी आणि हातातली बॅटरी: ताकदवान एलईडी टॉर्च घरी बनवता येते का? त्यासाठी काय लागतं?

रब्बीच्या दिवसांत रात्री थ्री-फेज आली की हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत सारखीच लगबग होते. कानाला मफलर, खांद्यावर फावडं आणि हातात बॅटरी. कृषिपंपांची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी आलटून पालटून मिळते. रात्रीची पाळी असली की गव्हाला, हरभऱ्याला, हळदीला पाणी द्यायला मध्यरात्रीही दारं धरावी लागतात. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पाही जाहीर झाला. पण ज्याची पाळी आज रात्रीची आहे, त्याला आज रात्री उजेड लागतो.

आणि नेमकी तिथेच बाजारातली बॅटरी दगा देते. पहिल्या आठवड्यात डोळे दिपवते, दोन महिन्यांनी काजव्यासारखी मिणमिणते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे टॉर्चला 'टॉर्च' फारसं कुणी म्हणत नाही, 'बॅटरी'च म्हणतात. या लेखातही बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्या आत बसतो तो 'सेल'.

जगभरात आपली बॅटरी आपणच बनवणाऱ्या हौशी मंडळींचा एक मोठा गट आहे. ते रिकामी नळी विकत घेतात आणि एलईडी, सर्किट, भिंग, सेल आपल्या पसंतीने बसवतात. बहुतेकांचं ध्येय एकच, शेजाऱ्यापेक्षा जास्त उजेड. पण हीच विद्या उलटी वापरली, म्हणजे जास्तीत जास्त उजेडाऐवजी रात्रभर पुरेल असा उजेड मागितला, तर ती शेतकऱ्याच्या फार कामाची आहे.

खोक्यावरचे '१ लाख लुमेन' खरे असतात का?

नाही. आणि हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, दहावीचा भागाकार पुरतो.

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. कार-जीपच्या साध्या हॅलोजन दिव्याचा लो-बीम साधारण १ हजार लुमेनचा असतो. आजची चांगली पांढरी एलईडी एका वॅटमागे १०० ते २०० लुमेन देते. आपण उदार होऊन २०० धरू. तरी १ लाख लुमेनसाठी ५०० वॅट लागतील.

आता बॅटरीत बसणारा लिथियम-आयन सेल बघा. त्याचं नावच '१८६५०' आहे, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचं शून्य गोल नळीच्या आकाराचं. ३.६ व्होल्ट, ३ अँपिअर-तास, म्हणजे जेमतेम ११ वॅट-तास ऊर्जा. यातून ५०० वॅट ओढायचे तर सुमारे १४० अँपिअर लागतील. या आकाराचे दणकट सेलही २०-३० अँपिअरच्या आसपास दमतात. समजा सेलने ते दिलेच, तरी सव्वा मिनिटात तो रिकामा होईल.

सेलवर छापलेली '९९०० एमएएच' ही संख्याही त्याच जातीची. या आकाराचा चांगल्या कंपनीचा सेल साधारण २५०० ते ३५०० एमएएचचा असतो.

बॅटरीच्या आत नेमकं काय काय असतं?

चारच गोष्टी: सेल, ड्रायव्हर, एलईडी आणि तिच्यापुढचं भिंग किंवा परावर्तक. पाचवी म्हणजे ती नळी, आणि तिला आपण उगाच कमी लेखतो.

एलईडीचा इतिहास दोन ओळींत. निळी एलईडी बनवणं ही मोठी अडचण होती. ती सोडवल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली 'पांढरी' एलईडी म्हणजे खरं तर निळी एलईडी आणि तिच्यावरचा पिवळा थर. विझलेल्या एलईडीकडे निरखून पाहा, तो पिवळा ठिपका दिसेल.

ड्रायव्हर म्हणजे विजेवर लगाम ठेवणारी रुपयाच्या नाण्याएवढी चकती. जुन्या बल्बला सेल थेट जोडला तरी चालायचं. एलईडीला चालत नाही. व्होल्टेज ३ च्या वर जरासं वाढलं की तिच्यातून जाणारा करंट झपाट्याने वाढतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हा हुशारपणा करून पाहिला होता. नवीकोरी एलईडी, पूर्ण चार्ज केलेला सेल, मधे काहीच नाही. वर्गाचं छत लख्ख झालं, मग उजेड निळसर झाला, मग अंधार. निकाल लागायला अर्धा मिनिटही लागला नसेल.

हौशी मंडळींच्या ड्रायव्हरमध्ये फार वापरली जाणारी एक चिप आहे, एएमसी ७१३५. एक चिप साधारण ३५० मिलिअँपिअर करंट बांधून देते. जास्त हवा असेल तर चिपा समांतर जोडायच्या. आठ चिपांवर २.८ अँपिअर होतो आणि १ हजार लुमेनच्या आसपास उजेड मिळतो, पण ३ अँपिअर-तासांचा सेल तासाभरात संपतो. चार चिपा लावल्या तर ५०० लुमेनच्या जवळपास आणि दोन तास. आणि एकच चिप? सव्वाशे-दीडशे लुमेन आणि साडेआठ तास.

म्हणजे त्याच सेलवर सबंध रात्र निघते. दीडशे लुमेन ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोन सेलच्या जुन्या पितळी बॅटरीचा बल्ब याच्या पासंगालाही पुरत नव्हता आणि तिच्यावर दोन पिढ्यांनी राखण केली.

मग घरगुती बॅटऱ्या बिघडतात कशामुळे?

उष्णतेमुळे. बॅटरी बनवणं हे उजेडाचं काम वाटतं. प्रत्यक्षात ते उष्णता बाहेर काढण्याचं काम आहे.

एलईडीला दिलेल्या ९-१० वॅटपैकी ६ वॅटच्या आसपास उष्णता होते. बल्बची उष्णता उजेडाबरोबर पुढे जायची, म्हणून काच तापायची. एलईडीच्या उजेडात ऊब जवळजवळ नसते. तिची सगळी उष्णता मागच्या बाजूला, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढ्या जागेतून बाहेर पडते. तिला वाट मिळाली नाही तर एलईडीचा उजेड आधी घटतो, मग रंग बदलतो, शेवटी ती जाते. बाजारातली स्वस्त बॅटरी दोन महिन्यांत मिणमिणते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आत प्लास्टिकच्या कडीवर एलईडी नुसती टेकवलेली असते.

म्हणून एलईडी धातूच्या चकतीवर घ्यायची, शक्यतो तांब्याच्या. ॲल्युमिनियमपेक्षा तांबं जवळपास दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यातही अशी चकती बघायची, जिच्यात एलईडीचा मधला भाग थेट तांब्याला जोडलेला आहे, मधे प्लास्टिकसारखा थर नाही. चकती आणि नळी यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ लेप. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात तीच ही पेस्ट, दुरुस्तीच्या दुकानात मिळते. इथे सढळ हात नको. पेस्टचं काम दोन पृष्ठभागांमधली हवा भरून काढण्यापुरतंच, जाड थर उलट अडसर होतो.

नळी ॲल्युमिनियमची घ्या. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात ठेवा. पूर्ण उजेडावर दहा मिनिटं चालवलेली बॅटरी हाताला गरम लागली, तर ती चांगली जोडलेली आहे. उष्णता बाहेर येते आहे. झगझगीत उजेड आणि नळी मात्र थंडगार असेल तर आत काहीतरी करपत असतं.

शेतात लांब झोत हवा की पसरट?

दुकानात बॅटरी दाखवताना झोत समोरच्या इमारतीवर मारतात आणि आपण भाळतो. पण दारं धरताना पाहायचं असतं पायापुढचं दहा-पंधरा फूट.

लांब पल्ल्याचं माप लुमेन नाही, कँडेला आहे. ज्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो, तो बॅटरीचा पल्ला मानतात. १० हजार कँडेलाचा पल्ला २०० मीटर. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात, ४० हजार. पिकात शिरलेली रानडुकरं किंवा रोही बांधावरून दिसावेत यासाठी असा झोत बरा, त्याला खोल आणि गुळगुळीत परावर्तक लागतो. (जिल्ह्यातल्या सगळ्यात लांब झोताचं काम मात्र वेगळीकडे सुरू आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेत प्रकाश ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्यांमधून धावणार आहे. तो लेसर, आणि त्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत.)

चालण्यासाठी ४५ किंवा ६० अंशांचं प्लास्टिक भिंग लावा. उजेड चटईसारखा पसरतो. दोन्ही हात फावड्याला लागत असतील तर हेच सगळं कपाळावरच्या पट्ट्याच्या बॅटरीत बसवता येतं.

उजेडाचा रंगही निवडायचा असतो, आणि इथे माझं मत ठाम आहे. निळसर पांढरा उजेड जास्त प्रखर भासतो, म्हणून बाजारात तोच भरला आहे. पण त्यात माती, पाचट आणि वाळकी पानं सगळी एकसारखी राखाडी दिसतात. ४००० केल्विनच्या आसपासचा किंचित पिवळसर उजेड आणि ९० च्या वर सीआरआय, म्हणजे रंग जसेच्या तसे दाखवण्याची क्षमता, अशी एलईडी घ्या. लुमेन थोडे कमी मिळतील, किडेही तोंडावर कमी येतील. मुख्य म्हणजे तपकिरी पाचटात तपकिरी घोणस वेगळी दिसायला मदत होईल.

हा शेवटचा मुद्दा हौसेचा नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये 'ई-लाइफ' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आहे. बहुसंख्य ग्रामीण भागातले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. बॅटरी कितीही चांगली असली तरी पायात गमबूट हवेतच.

सेलशी खेळताना काय सांभाळायचं?

सोल्डरिंग चुकलं तर एलईडी जाते. सेलच्या बाबतीत चुकलं तर आग लागते. त्यामुळे हा भाग वगळू नका.

पहिल्या बॅटरीत एकच सेल ठेवा. दोन सेल एकामागोमाग लावले आणि त्यातला एक जुना निघाला, तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा दाबतो. जुन्या लॅपटॉपचे सेल फुकट मिळतात म्हणून घेऊ नका. बीआयएसची नोंदणी खूण असलेला, आत संरक्षक सर्किट असलेला सेल घ्या. चार्जर ४.२ व्होल्टला स्वतःहून थांबणारा हवा. सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला असेल तर पुन्हा चार्ज करायचा मोह टाळा. सेलला वायर थेट सोल्डर करू नका.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. १८६५० सेलचा बाहेरचा सगळा डबा ऋण टोक असतो. धन टोकाच्या कडेला तो आणि धन टोक यांच्यात थोडीशीच जागा असते, तिथे आवरण फाटलं तर धातूच्या एका स्पर्शाने शॉर्ट होतं. सुटा सेल खिशात किल्ल्या, नाणी किंवा चुन्याच्या डबीबरोबर टाकू नका. प्लास्टिकच्या डब्या स्वस्तात मिळतात.

खर्च किती? आणि हे खरंच जमण्यासारखं आहे?

तयार नळी, ड्रायव्हर, एलईडी, एक चांगला सेल आणि चार्जर मिळून माझा अंदाज दीड-दोन हजार रुपयांचा. कॉन्व्हॉय कंपनीची एस-२ प्लस ही नळी या छंदात पहिली म्हणून बरीच वापरली जाते. तिच्यात १६ मिलिमीटरची एलईडी-चकती आणि १७ मिलिमीटरचा ड्रायव्हर बसतो, सुटे भाग मागवताना ही मापं जुळवून घ्या. अवजारांत २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि चिमटा. जोडायच्या तारा मोजक्याच: एलईडीकडे जाणाऱ्या दोन. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हे अर्ध्या तासाचं काम आहे.

जमतं की नाही, याचं उत्तर खरं तर आधीच मिळालेलं आहे. आयआयटी मुंबईने 'सोल', म्हणजे सोलर ऊर्जा लॅम्प, या प्रकल्पात महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १० लाख सौर अभ्यास-दिवे करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. दिवे कारखान्यात तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले आणि जोडणी, विक्री, दुरुस्ती गावच्याच लोकांनी प्रशिक्षण घेऊन केली. त्या दिव्यातही सेल, सर्किट, एलईडी हेच होतं, वर सौर पट्टी. माझ्या मते त्या प्रकल्पातली शिकण्यासारखी गोष्ट सौर पट्टीपेक्षा दुरुस्ती ही आहे. जो दिवा गावात उघडता येतो तो भंगारात जात नाही.

तुम्ही बनवलेली बॅटरी थेट शेतात नेऊ नका. आधी अंगणात, सिमेंटच्या फरशीवर, पूर्ण उजेडावर अर्धा तास ठेवा आणि दर पाच मिनिटांनी हात लावून बघा. हात ठेववेना इतकी तापली तर एक-दोन चिपा कमी करा. मग सेल पुन्हा चार्ज करून एका चिपेच्या उजेडावर संध्याकाळी लावा आणि किती वाजता विझते ते लिहून ठेवा. तुमची पाळी त्याआधी संपत असेल तर जोडणी जमली. नसेल तर दुसरा सेल डबीत घालून बरोबर न्या.