माझं मत, माझ्याच बोटानं

मतदान यंत्रावर प्रत्येक निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा उठवलेला असतो. डोळस माणसांच्या तो सहसा लक्षातही येत नाही. मी जन्मांध आहे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, स्वतःच्या कमाईवर घर चालवलं. आपण कुणाला मत दिलं हे आपल्याशिवाय कुणालाही कळू नये, हा हट्ट मी कधी सोडला नाही, आणि तो हट्ट त्या उठावाच्या आकड्यांवर टिकून आहे.

यंत्रावर ब्रेलमध्ये फक्त आकडे असतात, नावं नसतात. त्यासाठी केंद्राध्यक्षांकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. तीत अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव आणि पक्ष असतो. ती वाचायची, आपला क्रमांक मनात धरायचा, पत्रिका परत करायची आणि आत जायचं. आत गेल्यावर मी आधी यंत्राची वरची कड चाचपते, मग बटणांच्या रांगेवरून बोट सावकाश खाली आणते. एका यंत्रावर सोळा बटणं. उमेदवार जास्त असले तर शेजारी दुसरं यंत्र जोडतात, म्हणून ‘यंत्रं किती आहेत?’ हे मी टेबलाशीच विचारून घेते. बटण दाबलं की थोड्या वेळानं लांब बीप ऐकू येतो.

ही सोय लढून मिळाली. डिसेबल्ड राइट्स ग्रुपनं २००४ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं मतदान केंद्रांवर उतार आणि यंत्रांवर ब्रेल करण्याचे आदेश दिले. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११नं प्रत्येक केंद्र आणि निवडणुकीचं सगळं साहित्य दिव्यांगांना वापरता येईल असं ठेवण्याची जबाबदारी निवडणूक आयोगांवर टाकली.

केंद्रावर मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ताई, सोबत कोण आहे? त्यांनाच आत पाठवा.”

“सर, ब्रेलची मतपत्रिका द्या. मी स्वतः करते.”

मग पाकिटं उघडल्याचे आवाज येतात, कुजबुज होते, मागची रांग चुळबुळते. मी थांबते. सोबत्याची तरतूद निवडणूक नियमांतल्या ४९-एनमध्ये आहे आणि ती गरजेचीच आहे. साखरेच्या आजारानं उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल कुठून येणार? सोबती अठरा वर्षांवरचा हवा, त्यानं गुप्तता पाळण्याचं लिहून द्यायचं असतं, आणि त्या दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येतं. ही शेवटची अट फार मोलाची आहे, नाहीतर पक्षाचा एकच कार्यकर्ता गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मतं देऊन मोकळा होईल. पण सोबती घ्यायचा की नाही, हे जिला ब्रेल येतं तिचं तिनं ठरवावं.

दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रापाशी मात्र माझाही इलाज चालत नाही. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. मत योग्य जागी गेलं का, याची खात्री डोळस मतदाराला मिळते. मला फक्त बीप मिळतो. अमेरिकेत २००२च्या कायद्यानं प्रत्येक केंद्रावर दिव्यांगांना वापरता येईल असं निदान एक यंत्र ठेवणं बंधनकारक केलं, आणि तिथे हेडफोन लावून नावं ऐकत मत देता येतं. चिठ्ठीवरचं नाव माझ्या कानात वाचून दाखवणारं यंत्र आपल्याकडेही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझी मैत्रीण पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असते. तिची अडचण दारातच सुरू होते. उताराचं साधं प्रमाण एकास बारा. केंद्र असलेल्या शाळेच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट धरली, तर अठरा फूट लांब उतार लागतो. प्रत्यक्षात पायऱ्यांवर एखादी फळी टाकलेली असते आणि चार जण खुर्चीसकट तिला उचलायला धावतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तिला त्या उचलण्याची भीती वाटते. आत गेल्यावर पाय टेबलाला अडतात आणि वरच्या बटणांपर्यंत हात पोचवताना तिला कसरत करावी लागते.

२०२४च्या लोकसभेपासून ८५ वर्षांवरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना देशभर घरून मतदानाची सोय झाली. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी अर्ज भरावा लागतो; मग पथक टपाली मतपत्रिका घेऊन घरी येतं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हे वरदानच. मैत्रिणीनं मात्र अर्ज भरला नाही. तिला शेजाऱ्यांसारखं बाहेर पडून, बोटाला शाई लावून घ्यायची आहे. केंद्रावर खुर्ची हवी असेल तर १९५० या क्रमांकावर विचारता येतं.

बहुतेक केंद्रं शाळांमध्ये असतात, आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळांना अडथळाविरहित प्रवेश सक्तीचा केलेला आहे. म्हणजे तो उतार मतदानाच्या आदल्या रात्री फळ्या ठोकून उभा करायची वेळच यायला नको. तुमची मुलं जातात त्या शाळेच्या पायऱ्या एकदा मोजा. उतार नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तेवढं लेखी द्या. निवडणूक जवळ नसतानाच द्या; तेव्हा काम पक्क्या सिमेंटचं होतं.