तीन पंचमांश माणूस आणि सत्तेचा समतोल

कायद्याच्या वर्गात आम्हाला अमेरिकेची राज्यघटना शिकवली गेली ती माँटेस्क्यूपासून. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ एकमेकांवर अंकुश ठेवतात, म्हणून तिथे हुकूमशाही येत नाही, असे लिहिले की गुण मिळत. पण हा तराजू उभा करताना वजन म्हणून कोणाला वापरले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत कधी आला नाही.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी बंद दाराआड बसले. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, छोट्यांना सारख्या. १६ जुलैला तोड निघाली. प्रतिनिधीगृहात लोकसंख्या, सिनेटमध्ये समानता. पाठ्यपुस्तक इथेच थांबते.

लोकसंख्या म्हणजे कोणाची? दक्षिणेच्या मळेवाल्यांना गुलाम मोजायचे होते, पण मताचा अधिकार द्यायचा नव्हता. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब ठरला. आमचे अनेक मित्र इथे गफलत करतात. गुलामाला पूर्ण माणूस मोजले असते तर न्याय झाला असता, असे त्यांना वाटते. उलट आहे! पूर्ण मोजणी हीच मालकांची मागणी होती. गुलाम जितका जास्त मोजला जाईल, तितक्या मालकाच्या जागा वाढणार होत्या. आणि एवढे सगळे करून मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. वकिली भाषेची सफाई कशाला म्हणतात ते इथे पाहावे.

राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, ही सूचनाही तिथे आली होती. मॅडिसन यांनी अडचण उघड बोलून दाखवली : थेट मतदानात दक्षिणेला आपल्या गुलामांच्या संख्येचा काहीच लाभ मिळणार नाही. मग निर्वाचक मंडळ आले, आणि त्याची संख्या काँग्रेसमधील जागांवरून ठरली. म्हणजे तोच तीन पंचमांशांचा हिशेब राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे ते पद एकट्या व्हर्जिनियाकडे होते. चौघेही गुलामांचे मालक. राहिला न्यायमंडळाचा अंकुश. त्याने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निवाडा दिला.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी गेली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तो अपूर्णांक गेला, १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने मताधिकार आला. पण १८७७ नंतर दक्षिणेतल्या राज्यांनी मतदान-कर आणि साक्षरता-चाचण्यांच्या नावाखाली काळ्यांची मते हिरावून घेतली. आता मोजणी पाचापैकी पाच आणि मत जवळजवळ शून्य! मालकांच्या वारसांना गुलामगिरीच्या काळापेक्षा जास्त वजन मिळाले. ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत टिकले.

जे राज्य मताधिकार नाकारील त्याच्या जागा त्या प्रमाणात कमी कराव्यात, असे चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. त्या तरतुदीखाली आजपर्यंत एकाही राज्याची एकही जागा कमी झालेली नाही.