पडद्यामागील नोंदी

वही म्हटली की कागद आणि शाई डोळ्यांसमोर येतात. परंतु आता संगणकावरही वही ठेवता येते, आणि तिची पाने दुव्यांनी एकमेकांस जोडता येतात. अशा वहीस ‘विकी’ म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेत ह्या शब्दाचा अर्थ ‘त्वरित’ असा आहे. वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिली विकी खुली केली. ती अनेकांनी मिळून लिहावयाची होती. पुढे २००४ साली जेरेमी रस्टन ह्या इंग्रज गृहस्थाने एकट्या माणसाच्या उपयोगाची ‘टिडलीविकी’ तयार केली. ही सबंध वही एकाच फाइलीत मावते. तिच्यातील प्रत्येक नोंदीस ‘टिडलर’ म्हणतात. टिडलर म्हणजे इंग्लंडातील मुले ओढ्यात पकडतात ती चिमुकली मासोळी. छोट्या नोंदीला हे नाव मोठे शोभून दिसते.

ह्या वहीची मौज अशी की, तिला चालविणारी यंत्रणाही नोंदींच्याच रूपाने वहीत लिहिलेली असते. वहीचे शीर्षक ही एक नोंद, तिची रंगसंगती ही दुसरी. अशा नोंदी शेकडो असतात. एखाद्या मुलीने गावातील पक्ष्यांविषयी दहा नोंदी केल्या आणि यादी उघडताच त्या शेकडो नोंदी पुढे उभ्या राहिल्या, तर तिची सुगरण आणि तिचा खंड्या त्या गर्दीत हरवून जातील. म्हणून यंत्रणेच्या नोंदी नेहमीच्या यादीतून व शोधातून वगळलेल्या असतात.

त्या ओळखावयाच्या कशा? केवळ नावावरून. ज्या नोंदीच्या नावाच्या आरंभी डॉलरचे चिन्ह, अपूर्णविराम व तिरकी रेघ, म्हणजे ‘$:/’ अशी खूण असते, ती यंत्रणेची मानली जाते. (युनिक्स ह्या त्याहून जुन्या प्रणालीत नावाच्या आरंभीचा एक टिंबच हे काम करतो.) नोंदीत काय लिहिले आहे, ते पाहिले जात नाही. त्यामुळे एखाद्या मुलाने ‘$:/आजीची औषधे’ अशा नावाची नोंद केली, तर तीही दिसेनाशी होईल आणि तो बिचारा ती पुसली गेली असे समजून रडकुंडीस येईल. वस्तुतः नोंद जागच्या जागी असते. वहीच्या कडेच्या ‘मोअर’ ह्या विभागातील ‘सिस्टिम’ ही यादी उघडली की ती सापडते. आपल्या यादीवर एक बटण बसवूनही हे साधते. बटण एकदा दाबले की ‘यंत्रणेच्या नोंदी वगळाव्यात’ ही अट उठते, पुन्हा दाबले की ती लागू होते. नोंदी तेवढ्याच राहतात; बदलते ती यादीची अट.

ह्या नोंदी उघड्या केल्यावर त्यांत फेरफार करण्याचा मोह होतोच. त्यासाठीही रस्टन ह्यांच्या वहीत चांगली सोय आहे. यंत्रणेच्या बहुतेक मूळ नोंदी ‘सावली’सारख्या मागे असतात. कोणी शीर्षक बदलले, तर मुळावर त्याच नावाची नवी नोंद बसते. ही नवी नोंद पुसली की मूळ शीर्षक पुन्हा दिसू लागते.

मात्र आपले गुपित ‘$:/’ ह्या खुणेआड ठेवणारा फसतो. वहीची फाइल मित्राला दिली की वगळलेल्या नोंदीही तिच्याबरोबर जातात, आणि त्याने ‘सिस्टिम’ची यादी उघडताच त्या त्याला वाचता येतात. गुपितासाठी वहीस परवलीचा शब्द लावण्याची सोय निराळी आहे. तो लावला म्हणजे फाइलीतील मजकूरच सांकेतिक रूपात साठविला जातो.