गाठ साधी की घातक?

गर्भाशयात गाठ आहे असे कळले की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो कर्करोगाचा. बहुतेक वेळा ही भीती निराधार ठरते. गर्भाशयाच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायूंपासून होणारी फायब्रॉइडची गाठ अगदी सर्रास आढळते व ती साधी असते. मात्र त्याच स्नायूंपासून क्वचित लियोमायोसार्कोमा ही घातक गाठही तयार होते. सोनोग्राफीत या दोन्ही गाठी बरेचदा सारख्याच दिसतात.

हा फरक शस्त्रक्रियेपूर्वी कळणे महत्त्वाचे आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना मोठी गाठ यंत्राने पोटातच बारीक करून लहान छिद्रातून काढता येते. पण ती घातक निघाली, तर तिच्या पेशी पोटभर विखुरतात. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीला सार्कोमा असतो, असा अंदाज देऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये या पद्धतीविरुद्ध इशारा दिला.

येथे एमआरआय उपयोगी पडतो. त्याच्या 'टी-२' प्रकारच्या चित्रात तंतुमय फायब्रॉइडची गाठ काळसर व रेखीव दिसते. घातक गाठ बहुधा उजळ असते, तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात. पण फायब्रॉइडमध्ये पाणी साचले, तर तीही उजळ दिसते. मग काय करायचे?

पाण्यात शाईचा थेंब टाकून आपण वर्गात विसरण दाखवतो. शरीरातील पाण्याचे रेणूही असेच सतत भटकत असतात. पेशींची दाटी असेल तेथे त्यांची वाट अडते. एमआरआय यंत्र पाठोपाठ दोन चुंबकीय स्पंद देते. पहिला स्पंद हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर जागेनुसार जणू खूण करतो, दुसरा ती पुसतो. मधल्या काळात जागा बदललेल्या रेणूंची खूण नीट पुसली जात नाही व त्यांचा संकेत क्षीण होतो. म्हणून दाटीचा भाग चमकतो. साचलेले पाणीही कधी चमकते. त्यामुळे विसरणाचा गुणांक काढून पाहतात. चमक जास्त आणि गुणांक कमी असेल, तर संशय बळावतो.

दाट पेशींची साधी गाठ येथेही फसवू शकते. अंतिम निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तरीही आधी संशय आला, तर गाठ पोटात न फोडता अखंड काढण्याचा निर्णय वेळेवर घेता येतो.