लहान यंत्र, मोठे काम

लखनौच्या जुन्या भागात गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या दरम्यान चौक ही बाजारपेठ पसरलेली आहे. चिकनकारीचे कापड, अत्तर आणि सोन्या-चांदीचे दागिने यांसाठी ती प्रसिद्ध आहे. अशा सराफ बाजारांशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून अनेक कुटुंबे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजेच गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेली. लखनौसह उत्तरेतील अनेक शहरांत ती स्थिरावली.

या व्यवसायाभोवतीचे कामही आता बदलले आहे. पूर्वी दागिन्याचा आराखडा कागदावर काढला जाई. आता तो संगणकावर त्रिमितीय स्वरूपात रचला जातो, त्यावरून मेणाचा किंवा राळेचा नमुना यंत्राने तयार होतो आणि त्या नमुन्यावरून धातूचे ओतकाम होते. अशा कामासाठी लॅपटॉप घेऊ इच्छिणाऱ्या एखाद्या तरुण कारागिराची कल्पना करा. दुकानाची जागा अरुंद आहे. दिवसा आराखडा गिऱ्हाइकाकडे नेऊन दाखवायचा आहे आणि रात्री घरी तो पुरा करायचा आहे. त्यामुळे यंत्र लहान हवे. परंतु सॉफ्टवेअर मात्र भारी आहे. वर्षभराची बचत एकाच खरेदीत जाणार असेल, तर ही निवड विचारपूर्वक करावयास हवी.

आधी काम, मग यंत्र

१९८१ साली बाजारात आलेला ऑस्बोर्न-१ हा सुवाह्य संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता. आज १३ ते १४ इंच पडद्याचा, दीड किलोच्या आसपास वजनाचा लॅपटॉप सहज मिळतो. म्हणून लहान यंत्र मिळेल का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते आपले काम पेलेल का, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी प्रथम आपल्याला वापरावयाच्या सॉफ्टवेअरचे नाव लिहून काढावे आणि ते बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या गरजा वाचाव्यात. तेथे 'किमान' आणि 'शिफारस केलेल्या' अशा दोन याद्या असतात. किमान यादीनुसार सॉफ्टवेअर केवळ सुरू होते. रोजच्या कामासाठी शिफारशीची यादी पाहावी. कोणती कार्यप्रणाली लागते, हेही तेथेच कळते. उदाहरणार्थ, राइनो हे त्रिमितीय रचनेचे सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते. त्यावर आधारलेले, दागिन्यांसाठीचे मॅट्रिक्सगोल्ड मात्र विंडोजसाठीच आहे. हे न पाहता सुंदर यंत्र घेतले, तर ते कामाला येणार नाही.

काम कोण करते?

भारी सॉफ्टवेअरचे काम लॅपटॉपमधील चार भाग मिळून करतात.

पहिला भाग प्रोसेसर. त्यात अनेक गाभे असतात. आराखडा रचताना बरीचशी गणिते एकामागून एक होतात, म्हणून तेथे एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. प्रकाश आणि छाया यांसह दागिन्याचे हुबेहूब चित्र तयार करताना मात्र अनेक गाभे काम वाटून घेतात.

दुसरा भाग रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती. एका हारात शेकडो बारीक खडे असतील, तर त्यांची रचना संगणकाला एकाच वेळी लक्षात ठेवावी लागते. रॅम अपुरी पडली की संगणक साठवणुकीच्या भागाची मदत घेतो आणि काम रेंगाळते. अशा कामासाठी आज १६ जीबी रॅम किमान समजावी. मोठ्या रचनांसाठी ३२ जीबी बरी. अनेक लहान लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीवरच डाखलेली असते व ती पुढे वाढवता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी हे अवश्य विचारावे.

तिसरा भाग ग्राफिक्स कार्ड. आकृती पडद्यावर फिरवून पाहणे त्याच्यामुळे सुकर होते. ते प्रोसेसरमध्येच सामावलेले असते किंवा स्वतःच्या स्मृतीसह स्वतंत्र असते. भारी त्रिमितीय कामाला बहुधा स्वतंत्र कार्ड सोयीचे ठरते. चौथा भाग साठवणुकीचा; तेथे जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडीच घ्यावी.

उष्णतेचा प्रश्न

येथपर्यंतची माहिती जाहिरातीतही मिळते. जाहिरातीत क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे उष्णता. प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व उष्णतेत बदलते. ती बाहेर टाकण्यासाठी पंखे, तांब्याच्या नळ्या आणि हवेला वाट लागते. यंत्र जितके पातळ, तितकी ही जागा कमी. उष्णता साठू लागली की स्वतःच्या रक्षणासाठी प्रोसेसर आपला वेग उतरवतो. त्यामुळे एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये दोन प्रकारे काम करतो. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपसाठीचे कार्ड ३५ ते ११५ वॅट इतक्या वेगवेगळ्या मर्यादांवर बसवले जाते. नाव एकच, पण त्याला मिळणाऱ्या विजेत तिपटीहून अधिक फरक! म्हणून नावाबरोबर वॅटचा आकडाही विचारावा.

चौकातील कारागिरासाठी ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. लखनौत मे-जून महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यात लॅपटॉप दुकानाच्या गादीवर ठेवला, तर तळाची छिद्रे झाकली जातात. कारखान्यातील धूळ पंख्यांत साचते ती वेगळीच. म्हणून अगदी पातळ यंत्रापेक्षा थोडे जाड, पण हवा खेळती ठेवणारे यंत्र येथे अधिक उपयोगी पडते. ते कठीण, सपाट पृष्ठभागावर आणि भट्टीपासून दूर ठेवावे.

विजेचा हिशोब

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. समजा, बॅटरी ७० वॅट-तासांची आहे. पत्र लिहिण्यासारख्या हलक्या कामाला १० वॅट लागत असतील, तर ती ७ तास चालेल. भारी कामाला ७० वॅट लागू लागले, तर ती एका तासातच संपेल. जाहिरातीतील तास बहुधा हलक्या कामाचे असतात. शिवाय बॅटरीवर असताना अनेक लॅपटॉप आपली शक्ती कमी करतात. त्यामुळे वीज वारंवार जात असेल, तर इन्व्हर्टरची सोयही खर्चात धरावी.

जुना लॅपटॉप घ्यावयाचा असल्यास आणखी एक दक्षता आवश्यक आहे. विंडोज १० साठीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. म्हणून त्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का, ते पाहूनच व्यवहार करावा.

कसोटी लावून पाहा

सोन्याचा कस पिवळ्या रंगावरून ठरत नाही. तो कसोटीच्या दगडावर आणि आगीत ठरतो. लॅपटॉपही तसाच पारखावा. आपली सर्वांत मोठी रचना पेनड्राइव्हवर बरोबर न्यावी. दुकानदाराच्या परवानगीने ती उघडून एकाच दागिन्याचे चित्र लागोपाठ पाच वेळा तयार करावे आणि प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवावा. पाचव्या खेपेस पहिल्यापेक्षा फार अधिक वेळ लागला, तर यंत्र तापून मंदावत आहे असे समजावे. आपले सॉफ्टवेअर तेथे नसेल, तर मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरवर अशीच चाचणी घेता येते. तेही शक्य नसेल, तर तेच यंत्र वापरणाऱ्या परिचिताकडे चौकशी करावी.

या सर्व विचारातून कधी निराळाही निष्कर्ष निघेल. यंत्र बरोबर नेण्याची गरज क्वचितच पडत असेल, तर तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक अधिक काम देतो आणि त्याची दुरुस्तीही सोपी असते. लहान लॅपटॉपमध्ये आपण सुवाह्यतेची किंमत मोजत असतो. ती सुवाह्यता रोजच्या कामात उपयोगी पडणार असेल, तरच ती किंमत द्यावी.

स्वाध्याय

१. 'किमान' आणि 'शिफारस केलेल्या' गरजांमधील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळे काम का करतो?
३. ६० वॅट-तासांची बॅटरी ३० वॅटच्या कामाला किती तास पुरेल?
४. तुमच्या व्यवसायासाठी संगणक घ्यावयाचा असल्यास तुम्ही कोणती चाचणी घ्याल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.