१९७१ : वाफसा पाहून केलेली लढाई



वाफसा नसताना औत घातले तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. ढेकळे निघतात, बैल दमतात आणि बियाणे वाया जाते. देशाच्या कारभारातही वाफसा पाहावा लागतो. १९७१ साल हा त्याचा दाखला आहे.

त्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. 'गरिबी हटाव' म्हणत इंदिरा गांधींच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या. तोच २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. तिथून माणसांचे लोंढे भारतात आले. वर्षअखेरीस ही संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्यांच्यासाठी नोव्हेंबरपासून टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागले. अर्थखाते तेव्हा आपल्या यशवंतराव चव्हाणांकडे होते.

मग सैन्य लगेच का धाडले नाही? लष्करप्रमुख माणेकशा यांनी पुढे याची कारणे सांगितली. उत्तरेत गव्हाची कापणी होती. रेल्वे आणि रस्ते सैन्याने अडवले असते, तर धान्य जागीच राहिले असते. पावसाळ्यात बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात. हिवाळ्यात मात्र हिमालयाच्या खिंडी बर्फाने बंद होतात, चीनची धास्ती कमी होते. म्हणून ते थांबले. थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे; त्या महिन्यांत तयारी झाली.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला. दुसऱ्याच रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर मारा केला. १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढे शरणागतीवर सही केली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला.

याच साली आनंदाच्याही बातम्या आल्या. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये प्रथमच क्रिकेटची मालिका जिंकली. नवख्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडलाही हरवले. हॉकीत मात्र बार्सिलोनाच्या पहिल्या विश्वचषकात पाकिस्तानने आपल्याला उपांत्य फेरीत नमवले. आपण तिसरे आलो.

आता कोठाराकडे पाहू. १९६५-६६ साली देशात सुमारे १ कोटी ४ लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ साली २ कोटी ३८ लाख टन. सुधारित बियाणे, पाणी, खत आणि शेतकऱ्याचे कष्ट यांचे हे फळ. सीमेवरचा जवान लढला, तेव्हा मागे कोठार भरलेले होते. पण भरलेले कोठारही फार दिवस पुरत नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. कालची बागायतदार घरेही खडी फोडायला गेली. म्हणून सुगीतच अडचणीच्या वर्षाची तरतूद करावी, हे घराला लागू आहे तसे देशालाही.

त्या विजयासाठी साडेतीन हजारांहून अधिक भारतीय जवानांनी प्राण दिले. त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांचेच लेक. १६ डिसेंबर हा विजय दिवस. त्या दिवशी गावातल्या माजी सैनिकाला शाळेत बोलवा, मुलांना त्याच्या तोंडून ऐकू द्या. एखाद्या वीरपत्नीच्या पेन्शनचे कागद अडले असतील, तर तिच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. हार घालण्यापेक्षा ती एक खेप अधिक मोलाची.